शब्दकोड्याचा शेवटचा कोपरा अडला की उत्तर बघावं का?

रोजएककोडं

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे पण लिहिताना लांबणार.

मी गेली सहा वर्षं रोज सकाळी शब्दकोडं सोडवतो. छापील, आणि पेनाने. आठवड्यातले चार-पाच दिवस पूर्ण सुटतं. उरलेल्या दिवशी काय होतं की पंधरा-वीस मिनिटांत जवळजवळ सगळं भरून होतं आणि एक कोपरा अडतो, पाच-सहा चौकोन फक्त, पण ते दिवसभर डोक्यात राहतात, काम करताना राहतात, कोणी बोलत असलं तरी मागे तेच चालू, आणि शेवटी रात्री कंटाळून मी गूगल करतो किंवा उद्याच्या अंकातलं उत्तर बघतो. आणि उत्तर बघितलं की बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटतं. शब्द माहितीतला असला तर जास्तच वाईट वाटतं, कारण तो माझ्याकडे होता आणि मला सापडला नाही. अगदी अनोळखी शब्द निघाला तर उलटा राग येतो की हा मला कसा येणार होता.

आजचंच घ्या. उजवीकडचा खालचा कोपरा असा आहे:

उभे १९ - खरी नक्कल (४)
आडवे २४ - वजन (३)
उभे २५ - मित्र (३)
उभे २६ - नवरा (२)
आडवे २७ - चोर (३)

१९ चं पहिलं अक्षर "स" आहे, ते वरच्या शब्दावरून पक्कं आहे. १९ चा तिसरा चौकोन म्हणजे २४ चा पहिला, आणि १९ चा शेवटचा म्हणजे २७ चा पहिला. २५ आणि २६ हे २४ च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनातून खाली उतरतात. मी २५ ला "सोबती" आणि २६ ला "पती" लिहिलंय. त्यामुळे २४ झालं "_ सो प" आणि २७ झालं "_ ब ती". चोर, आणि शेवटी बती? सकाळी साडेसातपासून मी या बतीपाशी बसलोय.

उत्तर सांगू नका प्लीज, तेवढं कराच. माझा प्रश्न असा की तुम्ही अशा वेळी काय करता? उत्तर बघणं म्हणजे हरणं असं तुम्हाला वाटतं का? आणि इतकी चिडचिड होत असेल तर रोज हे करण्यात नक्की मिळतं काय, कारण सहा वर्षांत मी एकदाही सोडू शकलेलो नाही हेही खरं आहे.

खोडरबर

उत्तर सांगत नाही, पण एक सांगतो. तुमचा कोपरा अडलेला नाही, तुम्ही तो अडवलाय. तिथे तुम्ही दोनच शब्द लिहिलेत आणि त्या दोन्हींबद्दल तुम्हाला शंका आलेली दिसत नाही. मला नेहमी असाच अनुभव येतो की जो शब्द सगळ्यात आधी आणि सगळ्यात खात्रीने लिहिला, घोळ त्याच्यातच असतो. शंका असलेला शब्द आपण वारंवार तपासतो, खात्रीचा कधीच तपासत नाही.

आणि पेन सोडा हो. मी पेन्सिल वापरतो आणि दोन प्रकारे लिहितो, छेदणाऱ्या शब्दाने दुजोरा दिलेलं अक्षर गडद आणि नुसतं सुचलेलं अगदी फिकट. मग अडलं की फिकट असेल ते सगळं पुसायचं, विचार न करता. पुसल्यावर कागद मोकळा झाला की डोकं पण मोकळं होतं, हे खरंच होतं. पेनाने लिहिलेलं "सोबती" डोळ्यासमोर असताना दुसरा शब्द येणारच नाही, कारण प्रत्येक वेळी वाचताना तोच परत पक्का होतो.

जिभेवर आहे पण आठवत नाही, या अवस्थेवर रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एक प्रयोग छापला होता. त्यांनी लोकांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखायला सांगितलं, म्हणजे जवळपास शब्दकोड्याचा क्लूच की. ज्यांना शब्द जिभेवर असल्यासारखं वाटत होतं त्यातल्या बऱ्याच जणांना तो शब्द येत नव्हता पण त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यात उच्चाराचे किती तुकडे आहेत हे बरोबर सांगता येत होतं. आणि कित्येकदा खऱ्या शब्दाऐवजी त्याच्यासारखा वाजणारा दुसराच शब्द डोक्यात येऊन बसायचा. हे वाचल्यापासून मला शब्द आठवला नाही तर पूर्वीसारखी स्वतःची चीड येत नाही. शब्द आत असतो, त्याचा तुकडाही हाताला लागलेला असतो, फक्त वाटेत दुसरा कोणीतरी उभा असतो.

म्हणून कोडं बाजूला ठेवायचं. तास दोन तास बघायचंच नाही. परत घेतलं की पहिल्या मिनिटात एक तरी शब्द सुटतो, माझ्या बाबतीत तरी दहातल्या सात-आठ वेळा.

उभंआडवं

खोडरबर यांना +१, पण माझं मत थोडं वेगळं आहे उत्तर बघण्याबद्दल.

दोन प्रकारचे क्लू असतात. एक, ज्यात विचार करून पोचता येतं. शब्द साधा असतो, क्लू फिरवलेला असतो. दुसरा, ज्यात फक्त माहीत असणं किंवा नसणं आहे. एखाद्या नदीचं नाव, कुठल्यातरी राजाच्या मंत्र्याचं नाव. पहिल्या प्रकारात उत्तर बघितलं तर तुम्ही तुमचाच आनंद घालवता, तिथे मी मरेपर्यंत बघणार नाही. दुसऱ्या प्रकारात बघायला काहीही हरकत नाही, तिथे डोकं घासून काय निघणार? नकाशा उघडा, कोश उघडा, तो शब्द एका वहीत लिहा. माझी अशी वही भरत आलीय आणि त्यातले शब्द परत परत येतात. कमळाला अंबुज, अरविंद, पंकज, नलिनी, राजीव, सरोज. पाण्याला तोय, सलिल, नीर, उदक, वारि. जंगलाला अटवी, विपिन, कानन. सुरुवातीला हे शब्द मला येतच नव्हते आणि मी रोज चिडायचो, की बोलण्यात कोण वापरतं हे. आता कुठल्या जुन्या कवितेत "विपिन" आला की अडखळायला होत नाही, सरळ जंगल दिसतं.

पण एक तक्रार मी ठामपणे करणार. दोन माहितीचे शब्द एकाच चौकोनात छेदतात ते चूक आहे. अमेरिकेत याला नावच पडलंय, नॅटिक. मॅसॅच्युसेट्समधलं नॅटिक नावाचं गाव एका कोड्यात उत्तर होतं आणि त्याच्या पहिल्या अक्षराला छेदत होतं एका चित्रकाराचं नाव, ते पण आद्याक्षराच्याच जागी. गाव माहीत नसेल आणि चित्रकारही माहीत नसेल तर त्या चौकोनात कुठलंही अक्षर बसू शकतं. २००८ पासून तिकडचे सोडवणारे अशा जागेला नॅटिकच म्हणतात. तसा चौकोन आला तर तुम्ही हरलेला नसता, कोडंच कमी पडलेलं असतं. तिथे उत्तर बघा आणि मन साफ ठेवा.

तुमच्या आजच्या कोपऱ्यात मात्र एकही माहितीचा क्लू नाही. पाचही विचाराचे आहेत. म्हणून बघू नका.

टायमरबंद

माझं थोडं वेगळं दुखणं आहे म्हणून लिहितोय. मी ॲपवर सोडवायचो. त्यात वर घड्याळ चालू असतं आणि सलग किती दिवस सोडवलं त्याचा आकडा. दोनशे चाळीस दिवसांची स्ट्रीक होती माझी. एक दिवस घरात आजारपण होतं, राहिलं, आकडा शून्यावर आला आणि मी इतका खचलो की आठवडाभर कोडंच उघडलं नाही. तेव्हा लक्षात आलं की मी शब्दांसाठी सोडवत नव्हतो, आकड्यासाठी सोडवत होतो, आणि आकडा तुटू नये म्हणून शेवटचे दोन शब्द "दाखवा" दाबून भरत होतो ते वेगळंच.

वेगाने सोडवण्यात वाईट काही नाही. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफने बारा मिनिटांच्या आत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती आणि त्यातल्या काही जणांना नंतर ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या युद्धकाळातल्या गुप्त केंद्रात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायच्या कामाला बोलावलं गेलं, तर तिथे वेगाला अर्थ होता. मला कोणी बोलावणार नाहीये. घड्याळ झाकायची सेटिंग सापडली, ती लावली, आणि दोन महिन्यांत परत पहिल्यासारखी मजा यायला लागली. एका कोड्याला दोन दिवस लागले तरी लागोत.

चौकटआखणारी

मी दुसऱ्या बाजूची. एका छोट्या मासिकासाठी गेली अकरा वर्षं मराठी शब्दकोडी रचतेय. तुमच्या चिडचिडीचा काही भाग आम्हा रचणाऱ्यांमुळे असतो आणि काही भाग आपल्या लिपीमुळे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजीत एका चौकोनात एक अक्षर, आणि अक्षरं एकूण सव्वीस. आपल्याकडे चौकोनात बसतं ते मात्रेसकट अक्षर. नुसती बाराखडी धरली, बारा रूपं गुणिले चौतीस व्यंजनं, तर चारशेच्या वर झाली, आणि जोडाक्षरं अजून बाकीच आहेत. आता आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे व्यंजन जुळायला हवं, मात्रा जुळायला हवी, जोडाक्षर असेल तर ते तसंच्या तसं जुळायला हवं. "का" ला "की" चालत नाही. यामुळे अमेरिकन कोड्यात प्रत्येक चौकोन दोन्हीकडून तपासला जातो, तिथे तो नियमच आहे, तसं मराठीत मोठ्या चौकटीत करणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून आपल्या कोड्यांत काळे चौकोन जास्त, शब्द दोन-तीन अक्षरी, आणि काही चौकोन असे की ज्यांना छेदणारं काहीच नाही. त्या चौकोनाला आधार नसतो आणि सोडवणाऱ्याची सगळ्यात जास्त दमछाक तिथेच होते. मी रचताना एक पाळते, ज्या शब्दाच्या अर्ध्या अक्षरांना छेदणारं काही नाही त्याचा क्लू सरळ ठेवायचा. सगळे पाळत नाहीत.

दुसरी डोकेदुखी ऱ्हस्व-दीर्घ. आडव्यात "मि" हवा आणि उभ्यात "मी" हवा असं झालं की बरेच जण "चालतंय" म्हणून सोडून देतात. सोडवणारा मग अर्धा तास विचार करतो की माझा शब्द चुकला का. ही सोडवणाऱ्याची फसवणूक आहे असं मी मानते. माझ्याकडूनही झालंय एकदा, अनुस्वाराच्या बाबतीत, आडव्यात "ग" आणि उभ्यात "गं" हवा होता आणि माझ्या नजरेतून सुटलं. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यात राग नव्हता, फक्त विचारलं होतं की कुठला धरायचा. ते पोस्टकार्ड मी अजून ठेवलंय आणि त्यानंतर प्रत्येक कोडं छापायला द्यायच्या आधी कोरी चौकट घेऊन स्वतः सोडवते.

क्लूबद्दल. ॲफ्रिट या टोपणनावाने रचणारे एक इंग्रज कोडेकार होते, त्यांनी १९४९ मध्ये मांडलेलं तत्त्व मी समोर ठेवते: रचणाऱ्याच्या मनात शब्दांचा वरवरचा अर्थ नसला तरी चालेल, पण जे मनात आहे ते त्याने लिहिलेल्या शब्दांतून नेमकं निघालंच पाहिजे. म्हणजे फसवा, पण खोटं बोलू नका. यात माझा सगळा जीव आहे. चौकट भरायला मला दोन-तीन तास लागतात आणि क्लू लिहायला दोन-तीन दिवस, कारण एका शब्दाला कुठून धरलं तर वाचणारा आधी दुसरीकडे जाईल आणि मग स्वतःच परत येईल, हे शोधत बसते. तो परत येतो तो क्षण मला दिसत नाही, पण मी त्याच्यासाठीच रचते.

रोजएककोडं, तुमच्या पाच क्लूंपैकी तीन शब्द मराठीत दोन-दोन अर्थांनी चालतात. एक अगदी सरळ आहे, सुरुवात तिथून करा. यापेक्षा जास्त सांगितलं तर तुमचं कोडं मी सोडवल्यासारखं होईल.

संध्याकाळचा फोन

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. रोज नक्की मिळतं काय, असं विचारलंत ना.

माझी आई एकटी राहते, वय एक्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं वाढलं, डॉक्टरांनी सुरुवातीचा टप्पा आहे म्हणून सांगितलं. मी दूर असते. फोनवर आमचं बोलणं आटत चाललं होतं, कारण आज काय केलंस विचारलं की तिला आठवायचं नाही आणि मग ती गप्प व्हायची, ते गप्प होणं मला ऐकवायचं नाही. मग आम्ही एकच कोडं दोघींकडे ठेवायला लागलो. संध्याकाळी सात वाजता फोन, मी क्लू वाचते, ती ऐकते. सकाळी काय झालं ते तिला सांगता येत नाही पण "कावळा, तीन अक्षरी" म्हटलं की "वायस" ती माझ्याआधी म्हणते. शाळेत पाठ केलेलं सगळं तिच्याकडे शाबूत आहे. आणि तिला उत्तर आलं आणि मला आलं नाही की तिच्या आवाजात जो फरक पडतो तो शब्दांत लिहिता येत नाही मला.

कोड्यांनी स्मृतिभ्रंश टळतो असं बरेच लोक ठासून सांगतात, तसं म्हणू नये. २०२२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास मी नीट वाचला होता, सौम्य विस्मरण असलेले १०७ लोक, ७८ आठवडे, अर्ध्यांना संगणकावर शब्दकोडी आणि अर्ध्यांना संगणकावरचे मेंदूचे खेळ. शब्दकोडी सोडवणाऱ्यांची कामगिरी थोडी बरी राहिली. पण काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे त्यातून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. मी तो निकाल बघून हे करत नाही. रोज सात वाजता आम्हा दोघींना बोलायला काहीतरी असतं आणि त्यातलं निम्मं तरी ती मला देते, मी तिला नाही.

आमच्यात एक नियम आहे. अडलेला शब्द मी बघून ठेवलेला असला तरी सांगत नाही, उद्यावर टाकते. दुसऱ्या दिवशी कधीकधी ती फोन उचलल्याबरोबर तोच शब्द सांगते, हॅलो न म्हणता. तिला काल आमचं बोलणं झालं हे आठवत नसतं, तरी शब्द आलेला असतो. कसं ते मला माहीत नाही.

खोडरबर

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईंना नमस्कार सांगा.

उभंआडवं

चौकटआखणारी ताई, ऱ्हस्व-दीर्घाचं तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, मला वाटायचं की मीच फार कडक आहे. एक विचारू का, मराठीत शब्द दोन-तीन अक्षरीच ठेवावे लागतात तर क्लूमध्ये वळणं आणायला जागा कमी पडत नाही का? इंग्रजीत पंधरा अक्षरांची अख्खी वाक्यं येतात.

चौकटआखणारी

जागा कमी पडते हे खरं. पण आपल्याकडे एक सोय आहे, तत्सम, तद्भव, देशी, फारसी असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच गोष्टीला असतात आणि एकाच शब्दाला दोन वाटांनी आलेले दोन अर्थ चिकटलेले असतात. "कर" म्हटलं तर हात पण आणि सरकारला भरायचा तो पण, शिवाय आईने मुलाला सांगितलेली आज्ञा पण. दोनच अक्षरं आणि तीन दारं. १९१३ च्या २१ डिसेंबरला आर्थर विन यांचं पहिलं कोडं न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात आलं, हिऱ्याच्या आकाराचं, तेव्हा त्याचं नाव वर्ड-क्रॉस होतं आणि त्यातले क्लू बहुतेक साधे अर्थ विचारणारे होते. वळणं नंतर आली, आणि ज्या त्या भाषेच्या स्वभावाने आली. मराठीत ती अजून पुरती यायची आहेत असं मला वाटतं, फार काम बाकी आहे.

रोजएककोडं

सुटलं!! रात्रीचे पावणेदहा झालेत.

कसं सुटलं ते सगळं लिहितो कारण सकाळपासून तुम्ही सगळे सोबत आहात. ज्यांना स्वतः सोडवायचंय त्यांनी इथून पुढे वाचू नका.

खोडरबर यांचं वाचून दुपारी मी त्या कोपऱ्याची कोरी चौकट वेगळ्या कागदावर काढली, पेन्सिलने, आणि "सोबती" आणि "पती" दोन्ही लिहिलेच नाहीत. फक्त "स" लिहिला. मग ठेवून दिलं आणि खरंच बघितलं नाही. संध्याकाळी परत घेतलं. सरळ क्लू कुठला तर चोर, तीन अक्षरी. आणि "बती" समोर नसल्यामुळे "तस्कर" लगेच आला, दोन सेकंद लागले असतील. दिवसभर जो शब्द येत नव्हता तो दोन सेकंदांत.

मग मित्र या शब्दाचं मधलं अक्षर झालं "स्क". मित्र, मधे स्क. इथे मी बराच वेळ अडलो. सखा, दोस्त, सवंगडी, कशातच स्क नाही. मग मधे स्क असलेले शब्द नुसते म्हणत बसलो, मस्करी, मुस्कट, भास्कर, आणि भास्कर म्हटल्यावर थांबलो. मित्र हे सूर्याचं नाव आहे! मला माहीत होतं ते. लहानपणापासून माहीत होतं आणि सहा वर्षांत "सूर्य, दोन अक्षरी" असा क्लू आला तेव्हा मी स्वतः "मित्र" लिहिलेलं आहे. उलटीकडून मला ते दिसलं नाही. मी एकटाच खोलीत होतो आणि मोठ्याने "अरे" म्हणालो.

त्यानंतर सगळं धडाधड पडलं. वजन, मधे "भा", म्हणजे किलोचं वजन नाही, माणसाचं वजन, "प्रभाव". खरी नक्कल, स _ प्र त, "सत्यप्रत", आणि हा क्लू मला दिवसभर विरोधाभास वाटत होता, नक्कल खरी कशी असेल, आणि कचेरीत मी स्वतः कितीतरी सत्यप्रती जोडल्यात अर्जाला. शेवटी नवरा झाला "वर".

काय मिळतं असं सकाळी विचारलं होतं मी. आत्ता मला तो प्रश्न पडत नाहीये. पण एका गोष्टीवर मी अडून आहे, नवरा म्हणजे वर हे बरोबर आहे का? वर फक्त लग्न लागेपर्यंत असतो. लग्न झाल्यावर तो पती. मग "नवरा" या क्लूला "पती" लिहिलं त्यात माझं काय चुकलं?

उभंआडवं

अभिनंदन! आणि "वर" बद्दल मी तुमच्या बाजूने, क्लू सैल आहे. "नवरदेव" लिहायला हवं होतं.

चौकटआखणारी

आधी मनापासून अभिनंदन. भास्करपाशी तुम्ही "अरे" म्हणालात ना, ज्या कोणी हे कोडं रचलं त्यांना ते ऐकायला मिळायला हवं होतं.

"वर" बद्दल मात्र मी क्लूच्या बाजूने आहे. नवरा-नवरी म्हणतो तेव्हा कोण असतात ते? बोहल्यावर उभे असलेलेच. नवरा मुलगा म्हणतो तोही लग्न ठरलेला, लागलेलं नसलेला. म्हणजे नवरा या शब्दात आधीचा आणि नंतरचा दोन्ही बसतात, आणि तुम्ही नंतरचा धरलात. "पती" चुकीचं नव्हतं, फक्त तस्करला ते चाललं नाही.

रोजएककोडं

नवरा मुलगा... हो. मान्य. उद्यासाठी पेन्सिल काढून ठेवलीय.